मऊरानीपुरचा चंद्र

त्या साली झाशीत थंडी अशी पडली होती की रेल्वे कॉलनीतल्या दूधवाल्या भैयाची म्हैस अंगावर घोंगडी टाकल्याशिवाय दूध देत नव्हती, आणि दिलंच तर ते गरम करायला चुलीपर्यंत न्यावं लागत होतं म्हणून रुसत होती. सुखात होती ती फक्त कोळशाची इंजिनं. स्वराज्य येऊन दहाएक वर्षं झाली होती, पण माणिकपूरच्या पॅसेंजरला कोणी ते सांगितलेलं नसावं. ती अजून साहेबाच्याच काळासारखी, मनाला येईल तेव्हा सुटायची.

अशाच एका सकाळी अनुसूया तारऑफिसच्या खिडकीखालच्या बाकावर बसली होती. बाक तिचा ठरलेला. बरुआसागरच्या मुलींच्या शाळेत ती शिकवायला जायची, आणि गाडी सुटेपर्यंत त्या खिडकीतून आतल्या शेगडीची ऊब खाली झिरपायची. एरवी खिडकीत म्हातारे तिवारीबाबू पेंगत असायचे. आज तिथे दुसरंच कोणीतरी होतं. मफलरात गुंडाळलेलं, फक्त नाक आणि डोळे बाहेर ठेवलेलं. डोळ्यांनी एकदा खाली पाहिलं, झटकन आत गेले, आणि लगेच तारेचं यंत्र बोलायला लागलं… कट्ट, कडकट्ट, कट्ट.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अनुसूयाचे वडील जनार्दनपंत, म्हणजे नाना, याच स्टेशनात उभा जन्म तारमास्तर होते. आई लवकर गेली, आणि पोर बापाच्या मांडीवर, त्या यंत्राशेजारी वाढली. बाराखडीच्या आधी ती तारेची बोली शिकली. नाना निवृत्त झाले तरी घरात अजून जेवताना तोंडाने मीठ मागत नसत. चमच्याने वाटीवर टकटक करत, आणि अनुसूया न बघता मीठ पुढे सरकवी.

तेव्हा खिडकीतल्या नव्या बाबूने मऊरानीपुरच्या तारबाबूला काय कळवलं, ते तिला कान न देताही कळलं.

"खिड़की के नीचे हरी शाल बैठी है."

पलीकडून उत्तर आलं, "सिग्नल?"

"अभी लाल."

अनुसूयाने हिरवी शाल नाकापर्यंत ओढून घेतली. थंडीसाठी नव्हे.

थोड्या वेळाने मफलर खिडकीबाहेर वाकला. "बहन…" म्हणाला, आणि तो शब्द अर्धाच गिळून टाकला. "म्हणजे… मॅडमजी, तुमचा गाडी अजून ओरछ्यालाच अडकला आहे. वेळ लागेल. चहा पाठवू?"

"ओरछ्याला?" अनुसूया म्हणाली. "माझी गाडी तर इथूनच सुटते, बाबूजी. ती काय, समोर यार्डात उभी आहे. मला दिसतेय."

मफलरातून वाफ आली. "हो का. मग… ओरछ्याला दुसरी असेल."

"असेल. चहा मात्र पाठवा."

विद्याधर त्याचं नाव. मराठीच, पण जन्म बीनाच्या रेल्वे क्वार्टरात गेलेला. आईवडील लहानपणीच गेले, मामाने हिंदी शाळेत घातलं. त्यामुळे मराठी त्याला कळायची सगळी, बोलताना मात्र रूळ सोडायची. आणि खोटं बोलणं त्याला कुठल्याच भाषेत जमायचं नाही, हे अनुसूयाला पहिल्याच दिवशी समजलं.

मग रोजचंच झालं. खिडकीतून मातीच्या कुल्हडातला चहा खाली यायचा. तो म्हणायचा, "आज थंडी आहे." ती म्हणायची, "काल पण होती." आणि तिने पाठ फिरवली की तार सुटायची, "आज उसने दो बार देखा." तीनदा, असं तिच्या अगदी ओठांवर यायचं. पण बोलणार कशी? आपल्याला तारेतलं सगळं कळतं हे सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून यंत्र मुकं झालं असतं. तोंडावर हवापाणी आणि तारेवर हृदय… तिला ते बरं वाटायचं. फक्त कधीकधी वाटे, हा माणूस मऊरानीपुरला सगळं सांगतो, मला कधी सांगणार?

मार्गशीर्ष लागला तशी ग्वाल्हेरहून कमळाबाई आल्या. नानांची बहीण, अनुसूयाची आत्या. येताना त्यांनी हातात लोणच्याची बरणी आणि तोंडात स्थळ आणलं. "मुलाचं नाव विश्वंभर. शिक्षण खात्यात आहे. घरचं बरं. दूध पचत नाही, एवढं एक सोडलं तर बोट ठेवायला जागा नाही."

"मला विचार करू दे, आत्या."

"कर की. पण संकष्टी झाली की दुसऱ्या सकाळच्या गाडीनं मी चालले. त्या लोकांना हो किंवा नाही, एक काय ते सांगायला हवं. संकष्टीचा चंद्र उगवेपर्यंत तुझा विचार, त्यानंतर माझा."

अनुसूया कबूल झाली. चंद्र उगवायला बराच अवकाश होता, आणि मनात कुठेतरी वाटत होतं की तोवर एक मफलर तोंड उघडेल.

पण झालं भलतंच.

चंपा नावाची तिची मैत्रीण होती. गरौठ्याच्या शिपाई खानदानातली मराठीण, याच वर्षी शाळेत लागलेली, शेजारच्याच खोलीत राहणारी. बाकावर दोघी बरोबरच बसायच्या. एका सकाळी चंपा बाकावर नव्हती, ती आधीच खिडकीशी उभी राहून विद्याधरशी कुजबुजत होती. अनुसूया येताच दोघं अशी गप्प झाली, जशी दोन कबुतरं दगड पडल्यावर होतात.

"काय चाललंय?"

"कुछ नहीं," चंपा म्हणाली. "टाइम विचारत होते."

चंपाच्या मनगटावर घड्याळ होतं.

गाडीकडे निघताना अनुसूयाने मुद्दाम शालीचा काटा शोधण्याचं निमित्त केलं आणि मागे रेंगाळली. यंत्र बोललं.

"चंपा को जामुनी पसंद. चौथ से पहले भेज."

"पक्का?"

"पक्का. हरी शाल को भनक भी न लगे."

फलाटावर धुकं होतं, पण अनुसूयाला एकाएकी सगळं लख्ख दिसायला लागलं. जांभळं काहीतरी चंपासाठी. चौथीच्या आत. आणि आपल्याला कळू द्यायचं नाही. मऊरानीपुरचं विणलेलं कापड सगळीकडे जातं. साखरपुड्याला जायला त्याला काय हरकत?

त्या दिवसापासून तिने झाशीत पोलिसाला लाजवील असा तपास सुरू केला. गाडीत चंपासमोर बसून तिने विचारलं, "काल संध्याकाळी कुठे होतीस ग?"

"दाढ दुख रही थी, अनू. घरीच पडले होते." असं म्हणून चंपाने तिळाच्या गजकचा तुकडा कडकन मोडला आणि त्याच दाढेखाली घातला.

"आणि बोटाला पट्टी कसली?"

"दारात सापडलं."

"दारात सापडून फोड येतो?"

चंपाने खिडकीबाहेर पाहिलं. "गरम दरवाज़ा था," म्हणाली.

त्यावर कडी झाली माणिक चौकात. नानांना सुपारी आणायला गेली असताना, भांड्यांच्या दुकानापुढे तिला दोघं दिसली. चंपाच्या हातात पितळेचं पातेलं, विद्याधरच्या हातात भोकांची चाळणी. तो पातेल्यावर बोटाने टिचकी मारून कान लावत होता आणि चंपा खुदुखुदू हसत होती. अनुसूया कापडाच्या गठ्ठ्यांआड उभी राहिली. शाल एकत्र घेणारे लोक असतात. पुस्तकं घेणारेही असतात. पण पातेलं? पातेलं एकत्र कोण घेतं? संसार मांडणारे.

घरी गेल्यावर नाना म्हणाले, "सुपारी?"

ती हातात हळकुंड घेऊन आली होती.

दुसऱ्या दिवशी कुल्हड खाली आला तेव्हा ती खिडकीकडे न बघता म्हणाली, "माणिक चौकात पातेली छान मिळतात म्हणे, विद्याधरजी."

वर चहा घशात अडकल्याचा आवाज झाला. "मला… काय माहीत? मी तर मेसमध्ये जेवतो."

"तेच म्हणते. मेसमध्ये जेवणाऱ्याला पातेलं कशाला."

"कोणाला?"

"कोणाला नाही. गाडी आली."

गाडी आली नव्हती. खोटं बोलायची पाळी आता तिची होती. आणि बोलून दाखवायचं म्हटलं तर कसं? तुमच्या तारा मी चोरून ऐकते, त्यात चंपाचं नाव ऐकलं, हे कुठल्या तोंडाने सांगणार? चोराच्या घरी चोरी झाली की त्याला ठाण्यात जाता येत नाही. अनुसूया हा शब्द असूया नसणारीसाठी आहे असं नाना तिच्या लहानपणी सांगायचे. तिला वाटलं, नाव बदलून घ्यावं.

संकष्टी उजाडली. संध्याकाळी ढग भरून आले आणि मावठ्याची भुरभुर सुरू झाली. घरात तिघांनाही उपास. आत्यांनी ट्रंक बांधून दाराशी ठेवली होती. नाना पाटावर बसून पंचांग उघडत होते आणि मिटत होते. अनुसूयाने ठरवून टाकलं होतं. चंद्र दिसला की 'हो' म्हणायचं. दूध न पचणारा का होईना, निदान पातेली तरी चोरून घेत नसेल.

तेवढ्यात दार वाजलं.

बाहेर विद्याधर, डोक्यापासून पायापर्यंत निथळणारा. मागे चंपा. तिच्या हातात तेच पातेलं, पांढऱ्या फडक्याने बांधलेलं. विद्याधरच्या काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी, स्वतःच्या कोटाने झाकून कोरडं ठेवलेलं.

"जनमदिन मुबारक, अनू," चंपा म्हणाली आणि फडकं सोडलं. आत मोदक होते. निदान मोदकांच्या इराद्याने जन्मलेले होते. काही चौकोनी, काही आडवे पडलेले, एकाचा आकार तर हुबेहूब झाशीच्या बुरुजासारखा. पट्टी बांधलेल्या बोटाने चंपाने तो बुरूज सरळ केला. "पाच बार बिघडले. वाफ किती गरम असते, बाई. विद्याधर भैयाने चाळणी धरली म्हणून."

भैया. अनुसूयाने तो शब्द मनात दोनदा ऐकला.

विद्याधरने कागद पुढे केला. "जयसिंगने पाठवली. मऊरानीपुरचा माझा दोस्त. तुमच्या शालीला इंजिनाच्या ठिणगीने भोक पडला… पडलं आहे. तिथून वारा जातो. मला वरून दिसतं रोज. रंग चंपाने निवडला. आम्हा तिघांकडून."

जांभळी शाल होती. जाड, मऊ, उबदार.

मग नानांनी चष्मा पुसत विचारलं, "पण वाढदिवस कुणाचा?"

"अनुसूयाजींचा. तुम्हीच तर म्हणालात, मास्टरजी. पौष वद्य चतुर्थी. ग्वाल्हेरच्या गाडीवर बहिणीला घ्यायला आलात तेव्हा, बाकावर. मी ऑफिसातल्या बनारसच्या पंचांगात बघितलं. पौष कृष्ण चतुर्थी, आजच."

आत्या आधी हसल्या, मग नाना. "अरे, इकडच्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावस्येला," नाना म्हणाले. "त्यांचा पौष लागला. आपला अजून मार्गशीर्षच चाललाय. हिचा वाढदिवस पुढच्या संकष्टीला, इकडचे लोक तिळाची सकट चौथ करतात त्या दिवशी. आणि तेव्हाही घरात उपासच. चंद्र उगवल्यावर एक ओवाळणं नि एक मोदक, एवढाच हिचा सोहळा. आजवर बाहेरचं माणूस कोणी आलं नाही."

विद्याधर मिठाच्या पोत्यासारखा भिजून उभा होता, आणि आता विरघळतही होता. अनुसूयाच्या मनात मात्र एकेक दिवा लागत होता. दाढ, बोट, गरम दार, चाळणी, जांभळा रंग. तिला कळलं नाही ते बरोबरच होतं. स्वतःचा वाढदिवस एक महिना आधी येईल असा संशय कोण घेणार?

आत्यांनी पोराला खालून वर न्याहाळलं. "हा कोण? वाढदिवस महिनाभर आधी घेऊन येतो, म्हणजे आणखी काय काय आधी घेऊन येईल याचा नेम नाही." मग त्यांनी ट्रंकेवर हात ठेवला. "ते राहू दे. चंद्र उगवला की पोरीचं उत्तर घेऊन सकाळी मी निघणार. ग्वाल्हेरचं स्थळ आहे हिला."

चंपाच्या हातातलं फडकं खाली पडलं. विद्याधरचे डोळे, जे पहिल्या दिवशी मफलरातून दिसले होते, तसेच दिसले… आणि झटकन खाली गेले.

नानांनी दारातून आभाळाकडे पाहिलं. "वेळ तर होऊन गेली. या ढगात चंद्र कुठला दिसतोय."

"दिसल्याशिवाय मी घास घेणार नाही," आत्या म्हणाल्या. "कोणीतरी डोळ्यांनी पाहायला हवा."

"मग तार करा," नाना म्हणाले. "मी नोकरीत असताना एकदा दतियाला चंद्र दिसला, त्यावर बीनापर्यंत उपास सुटले होते. मऊरानीपुरला उघडलं असेल. विद्याधर, विचारून ये. अनू, छत्री घेऊन जा याच्याबरोबर, नाहीतर पोरगा उद्या न्यूमोनियात. चंपा, तूही जा."

चंपा स्टेशनापर्यंत आली आणि तारऑफिसच्या दाराशी तिची दाढ पुन्हा दुखायला लागली. ती बाहेर चहाच्या ठेल्यावर थांबली.

आत शेगडी होती, पिवळा दिवा होता, आणि दोघांमध्ये एक टेबल. विद्याधर यंत्राशी बसला. अनुसूया जांभळी शाल ओढून निखाऱ्यांकडे बघत उभी राहिली, जशी काही तिला त्या टकटकीशी देणंघेणंच नाही.

"चाँद दिखा?" त्याने विचारलं.

मऊरानीपुर लगेच बोललं. "साफ. थाली जैसा. शाल पसंद आई?"

विद्याधर मान न वळवता म्हणाला, "म्हणतो… तिकडे पण ढग आहे."

अनुसूया म्हणाली, "असं? पुन्हा विचारा. नीट."

त्याची बोटं यंत्राच्या कळेवर भराभर चालली. "झूठ बोल दिया. चाँद निकला तो वो ग्वालियर की हो जाएगी. क्या करूँ?"

"मुँह से बोल, गधे," मऊरानीपुर म्हणालं.

"काय म्हणतात?" अनुसूयाने विचारलं.

"म्हणतो की… ढग दाट आहे. फार दाट."

"आणि गधे कोणाला म्हणाले?"

विद्याधरची बोटं कळेवरच थिजली. अनुसूया टेबलाला वळसा घालून आली. त्याच्या हाताला हात न लावता, बाजूने एक बोट कळेवर टेकवलं. लहानपणी नानांच्या मांडीवरून टेकवायची तसंच. आणि तिने तार केली, स्वच्छ, सावकाश.

"हरी शाल बोल रही है."

पलीकडे मऊरानीपुरला कोणाचा तरी कुल्हड फुटला असावा. मग भीतभीत एकच शब्द आला.

"सिग्नल?"

तिने विद्याधरकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर गेल्या सगळ्या सकाळी एकामागून एक सरकत होत्या. काय काय कळवलं होतं आपण, कोणत्या शब्दांत. "तुम्ही… पहिल्या दिवसापासून?" तो म्हणाला.

"पहिल्या दिवसापासून. आणि त्या दिवशी मी दोनदा नव्हे, तीनदा पाहिलं होतं. जयसिंगना चुकीची बातमी गेली."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

पाऊस पत्र्यावर बारीक वाजत होता. विद्याधरने मफलर काढून टेबलावर ठेवला, जसं काही त्यानेच इतके दिवस तोंड बांधून ठेवलं होतं. "मराठीत सांगायचं होतं," तो म्हणाला. "नीट. पण माझी मराठी… मला तुम्ही… मला तुमच्याबरोबर पातेलं घ्यायचं आहे, अनुसूयाजी. चंपाबरोबर नाही."

अनुसूया हसली, आणि हसताना डोळे पुसावे लागले. मग ती कळेकडे वळली, कारण मऊरानीपुर अजून ताटकळत होतं.

"हरा," तिने कळवलं.

तिघं घरी परतली तेव्हा छत्री एकच होती आणि ती बहुतेक चंपाच्या डोक्यावर होती.

"दिसला का?" आत्यांनी विचारलं.

"दिसला. मऊरानीपुरला. अगदी साफ."

"मग ग्वाल्हेरला काय सांगू?"

विद्याधर पुढे झाला. नानांच्या पाया पडला, आत्यांच्या पडला, गडबडीत चंपाच्याही पडणार होता. "मास्टरजी, मला अनुसूयाजींशी लग्न करायचं आहे," असं तो एका दमात, एकही रूळ न सोडता म्हणाला. वाटेत तिने ते त्याच्याकडून घोकून घेतलं होतं.

आत्यांनी भाचीकडे पाहिलं. "हे आज ठरलं की आधीपासून होतं?"

"ठरलं आज, आत्या."

"मला नाही खरं वाटत." त्यांनी बुरुजाच्या आकाराचा मोदक उचलला, उलटसुलट पाहिला, चंद्राची दिशा धरून हात जोडले आणि खाल्ला. बराच वेळ चावल्यावर म्हणाल्या, "चव बरी आहे. विश्वंभरला एवीतेवी मोदकही पचले नसते. निरांजन लाव ग चंपा, मोदक झालेच आहेत तर ओवाळून घेऊ. खरा वाढदिवस येईल तेव्हा पुन्हा ओवाळू."

मग जांभळ्या शालीत, नको त्या तिथीला, अनुसूयाला ओवाळलं गेलं. चंपाने ओवाळताना एक आरती हिंदीत आणि एक मराठीत, अर्धी अर्धी म्हटली.

पानं वाढली गेली. अनुसूया नानांच्या शेजारी बसली, आणि बसल्यावर तिची तपासाची खोड परत जागी झाली. त्या दिवशी ग्वाल्हेरच्या गाडीची वाट बघत नाना त्याच बाकावर बसले होते. खिडकीखालच्या. तारेचं यंत्र तेव्हाही बोलतच असणार. आणि नानांना तारेतलं तिच्यापेक्षा जास्त कळतं.

ती हळूच म्हणाली, "नाना, त्याला तिथी सांगितलीत, तेव्हा तो कुठल्या पंचांगात बघेल हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

नाना मोदकाची कळी सोलत राहिले.

"आणि पुढच्या संकष्टीपर्यंत आत्या थांबणार नाही, हेही तिच्या पत्रात आधीच आलं होतं ना?"

नानांनी चमचा उचलला आणि वाटीवर वाजवला… कट्ट, कडकट्ट.

मीठ मागत होते. त्यांच्या पानात मोदकाशिवाय काहीही नव्हतं.